बंद पडलेली येळवस

मला सणांची हाव आहे, आणि हे सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही. घरात नवीन कॅलेंडर आलं की लोक सुट्ट्या बघतात, मी सण बघते. सुट्टी नसलेला सणही मला चालतो. माझं बालपण किनवटच्या जंगलात गेलं. वडील एका निवासी शाळेत मास्तर, आम्ही वसतिगृहाच्या मागच्या खोल्यांत राहायचो. पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी धरायला मिळावी म्हणून मी आठवडाभर आधीपासून वडिलांचे पाय दाबायची. दिवाळीत आसपासच्या गावांतून दंडार नाचणारे यायचे, डोक्यावर मोरपिसांचे टोप, आणि लांबून ढोल ऐकू आला की मी जेवणाचं ताट तसंच टाकून पळायची. आईच्या शिव्या पाठीमागून यायच्या.

अशा बाईचं लग्न जळकोटजवळच्या एका गावात, शेती करणाऱ्या घरात झालं. नवरा नांदेडला नोकरीला, मीही तिथल्याच एका शाळेत शिकवायला लागले, पण सण म्हटला की आम्ही गावाकडे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते आणि सासऱ्यांना मामा. आत्याबाई तर माझ्याही एक पाऊल पुढे. महालक्ष्म्यांना साडी नेसवताना निऱ्या मनासारख्या पडल्या नाहीत तर चारदा सोडून नेसवतील, नागपंचमीला झोक्यावर सुनेच्या आधी चढतील, संक्रांतीचं वाण आपली गल्ली संपवून शेजारच्या गल्लीत नेतील. मला वाटलं, पत्रिका जुळणं म्हणतात ते हेच. नवऱ्याचं काय ते नंतर बघू.

पहिल्याच वर्षी थंडीत एका सकाळी दारात उभी राहिले तर गल्लीत नुसती धावपळ. बायकांच्या डोक्यावर पाट्या, पुरुषांच्या अंगावर घोंगडी, पोरंटोरं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, सगळं गाव रानाकडे निघालेलं. येळवस होती. पंचांगात तिला वेळ अमावस्या म्हणतात. आमच्या किनवटकडे हा सण नाही, पण लातूर जिल्ह्यात याच्यापुढे दिवाळी फिकी. त्या दिवशी गावात भांडायलासुद्धा माणूस सापडत नाही. शेतात कडब्याची खोप करायची, तिच्यात पाच पांडव म्हणून चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, पूजा करायची. मग भज्जी. भज्जी म्हणजे हरभरा, तूर, वाल, वाटाणा, मेथी, कांद्याची पात, रानात जे जे हिरवं असेल ते सगळं एका भांड्यात बेसन आणि चिंच लावून शिजवलेलं. सोबत बाजरीचे उंडे आणि आंबील. घरचा एक माणूस आंबिलीचं गाडगं घेऊन ‘ओलगे, ओलगे’ अशी कानडी वळणाची आरोळी ठोकत पिकावर शिंपडत फिरतो. आणि रस्त्यानं जाणारा कोणीही असो, ओळखीचा असो नसो, त्याला हाताला धरून जेवायला बसवतात.

मी साडी बदलून तयार. म्हटलं, आपण कधी निघायचं?

नवरा म्हणाला, “आपल्याकडं येळवस बंद हाय.”

सण काय दुकान आहे का बंद असायला, मी विचारलं. तेव्हा कळलं. मामा लहान असताना त्यांचे चुलते येळवशीच्या दिवशी आंबील शिंपडत असताना शेतातच कोसळले आणि गेले. ज्या सणाला घरातलं माणूस गेलं, तो सण त्या घरात बंद. पुन्हा कधी सुरू करायचा, तर त्याच सणाच्या दिवशी घरात पोर जन्मलं किंवा दावणीला गाय व्याली तर. तोवर नाही. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण आमच्याकडे तो मोडल्याचं मी ऐकलेलं नाही.

इतक्या वर्षांत योग आला नव्हता असं नाही, हुकला होता. माझ्या धाकट्या जाऊबाईंना येळवशीच्या आदल्या दिवशी मुलगी झाली. एकदा तर ऐन येळवशीला म्हैस व्याली, आणि म्हैस चालते का यावर भावकीत दिवसभर वाद झाला. शेवटी जुन्या माणसांनी सांगितलं की गाय म्हणजे गाय. मामांनी त्या म्हशीशी पुढं कित्येक दिवस नीट बोलणं ठेवलं नाही.

या सगळ्यात खरी कोंडी झाली होती ती आत्याबाईंची. त्या उदगीरजवळच्या. त्यांच्या माहेरी येळवशीला पन्नास माणूस पंगतीला असायचं, आणि त्या पोर असल्यापासून भज्जी ढवळायला बसायच्या. लग्न होऊन इथं आल्या आणि संपलं. माहेरी जाऊन करावी, तर त्यांच्या सासूनं बजावलेलं की ज्या घरचा सण बंद, त्या घरच्या सुनेनं दुसरीकडेही चुलीला हात लावू नये. दुसऱ्याच्या शेतात जाऊन जेवायला कोणाची मनाई नव्हती. मामा जायचे, पोरं जायची. आत्याबाई कधीच गेल्या नाहीत.

“मागून खाल्ल्यागत वाटतंय,” त्या एकदा मला म्हणाल्या. “माझी मी केली पाहिजे बाई. एकदाच केली तरी बास.”

हे त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या. वर्षात एवढे सण, आणि जो हवा तोच नाही. त्या दिवसापासून आमच्या घरची येळवस सुटावी ही माझीही हाव झाली.

काही वर्षांपूर्वी आम्ही होळीला गेलो होतो. आमच्या दावणीला तेव्हा एकच देवणी गाय उरली होती. बैल कधीच गेले, ट्रॅक्टर आला, आणि मामांचे गुडघेही आता शेण काढू देत नव्हते. त्यांनी सांगून टाकलं होतं की पुढचं एक वेत झालं की गाय देऊन टाकायची. म्हणजे दावणच रिकामी. घरात आता पोर होणार नव्हतं, गायही राहणार नव्हती. आत्याबाई हे ऐकून उठून गेल्या, आणि त्या का उठल्या हे फक्त मला आणि मामांना कळलं.

आणि धुळवडीच्या सकाळी गाय माजावर आली.

मामा बोटांची पेरं मोजायला लागले. होळीपासून नऊ महिने नऊ दिवस. अंगठा शेवटच्या पेरावर टेकला तसे ते उभेच राहिले. “बरोबर येळवशीला येती!”

मग काय विचारता. नवऱ्याचं तोंड हिरवं, माझं लाल, तशा रंगलेल्या अवतारातच आम्ही गाय घेऊन शेजारच्या गावात वळूकडे निघालो. वाटेत लोक विचारत होते आणि मामा थांबून थांबून सांगत होते. देवदर्शनाला निघाल्यासारखी आमची ती वरात होती. आत्याबाई आल्या नाहीत, पण परत आलो तेव्हा त्यांनी गाईच्या पायांवर पाणी घातलं आणि पुरणपोळीतली अर्धी पोळी तिला चारली.

पाडवा आला, गुढी उभी राहिली, सगळं ठीक. रामनवमीला मी नांदेडात दुपारी सुंठवडा तोंडात टाकते तोच मामांचा फोन.

“गाय उलटली,” एवढंच बोलले.

म्हणजे फळली नव्हती, पुन्हा माजावर आली होती. दूध तरी मिळावं म्हणून त्यांनी त्याच दिवशी तिला परत भरवलं होतं, पण मन त्यात नव्हतं. आता ती येळवस होऊन गेल्यावर, पार तीन आठवड्यांनी व्याणार. मी शाळेत पोरांवर उगीच ओरडले. मला गाईचाही राग आला, आणि गाईवर रागावता येत नाही याचा जास्त आला.

मग उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या, आणि धोंड्याचा महिना लागला. त्या वर्षी अधिक श्रावण होता. धोंड्याच्या महिन्यात जावयाचा थाट असतो, तेव्हा माझ्या आईनं आम्हा दोघांना किनवटला बोलावलं. नवरा पाटावर बसलेला, पुढ्यात तुपात बुडवलेले पुरणाचे धोंडे, बाजूला अनारशांचं ताट, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा भाव की हे सगळं त्यानं कमावलंय. मी वाढत होते आणि मनातल्या मनात त्याला नावं ठेवत होते.

आई म्हणाली, “औंदा समदेच सण लांबले बाई. पोळा बघ, पार सप्टेंबरात गेला.”

मी पळी तशीच हातात धरून उभी राहिले. समदेच सण?

भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. इतकी सणवेडी मी, पण येळवस कधी आहे हे मी त्या वर्षी बघितलंच नव्हतं. बंद सणाला कोण शोधतं? डिसेंबर उघडला. अमावस्या होती, पण ती कार्तिकातली. येळवशीची, मार्गशीर्षातली अमावस्या या कॅलेंडरात नव्हतीच, ती उडी मारून पुढच्या वर्षाच्या जानेवारीत गेली होती. मी तुपाच्या हातानं पानं उलटत हिशेब केला. रामनवमीपासून नऊ महिने नऊ दिवस. वर चार-दोन दिवस, देवणी गाय घेतेच थोडे जास्त.

मी तिथूनच मामांना फोन लावला. म्हटलं, मामा, औंदा धोंडा आहे.

“हाव, माहीत हाय की. जावईबापूला काय दिलं?”

“तसं नाही मामा. येळवस महिनाभर पुढं गेलीय. गाय येळवशीला येतेय.”

मग मामा म्हणाले, “गाईला कुठला आला धोंडा?”

“गाईला नाही, अमावस्येला आहे. होळीला फळली असती तर महिनाभर आधी व्याली असती. तुम्ही पेरं मोजली, धोंडा मोजलाच नाही.”

जन्मभर जावयांना आणि लेकींना धोंड्याची वाणं देणारा हा माणूस, दर तीन वर्षांनी महिना वाढतो हे झोपेत सांगेल, पण गाईचे दिवस धरताना तो महिना त्याच्या डोक्यातून साफ निसटला होता. आम्ही सगळे चुकलो होतो. फक्त गाय बरोबर निघाली होती. फोनवर मला मामांचा आवाज लांब जाताना ऐकू आला, ते घरात ओरडत चालले होते, “आगं ए, ऐकलं का?”

ते उरलेलं वर्ष मी नुसती उडत होते. पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानावर झेंड्याला सलामी देताना मी मनात अमावस्या मोजत होते. पोळ्याला गेलो तर जनावरांच्या डॉक्टरांनी हात घालून तपासलेलं होतं, गाय गाभण. पोळा बैलांचा, पण आमच्याकडे बैल नाहीत म्हणून मातीच्या बैलांची पूजा झाली आणि बेगडाची सगळी हौस गाईच्या शिंगांवर फिटली. पोळ्याला लागूनच सतरा सप्टेंबर आला. मराठवाडा निजामापासून सुटला तो दिवस, आमच्याकडे तेव्हा पुन्हा एकदा झेंडा लागतो, आणि एका झेंड्यावर भागणाऱ्या बाकी महाराष्ट्राची मला नेहमी दया येते. त्या वर्षी गावच्या शाळेत झेंडावंदन झाल्यावर मामांनी जिलेबी खातखात सगळ्या गावाला गाईची बातमी दिली. त्यानंतर आमच्या गोठ्यात ज्याला त्याला मत होतं. कोणी म्हणे चार दिवस आधी, कोणी म्हणे आठ दिवस उशिरा. महालक्ष्म्या बघायला आलेल्या बायका आधी गोठ्यात डोकावायच्या आणि मग देवघरात यायच्या. दसऱ्याला मामांनी आपट्याचं पान गाईलाही दिलं, तिनं ते खाऊन टाकलं. वसुबारसेला मी तिच्या पोटावर हात ठेवून उभी होते आणि आतून एक सणसणीत लाथ बसली. मी किंचाळलेच.

फक्त आत्याबाई काही बोलत नव्हत्या. गाईला वैरण, पाणी, सरकी, सगळं त्या बघायच्या, पण येळवशीचा विषय निघाला की पदर खोचून दुसऱ्या कामाला लागायच्या.

येळवशीला लातूर जिल्ह्यात सुट्टी असते, नांदेडला नसते. मी घरगुती कार्याची रजा टाकली. आदल्या दिवशी नांदेडवरून येताना बाजारात मेथी, पातीचा कांदा, वाटाणा असं सगळं घ्यायला थांबले, तर आत्याबाईंचा फोन आला, “काई आणू नको. आंबील लावायची न्हाई, डाळ भिजवायची न्हाई. आधीच मांडून बसलं आन् गाय न्हाई व्याली तर?” मी चडफडत भाजी परत ठेवली. आंबील आदल्या दिवशी आंबवावी लागते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

गाय शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या गोठ्यावर, बांधलेली होती. येळवशीच्या सकाळी आम्हीही सगळ्या गावाबरोबर रानात गेलो, पण आमच्या पाटीत साध्या भाकरी आणि पिठलं. शेजारच्या शेतात खोप उभी राहत होती, चुलींचा धूर निघत होता, आरोळ्या ऐकू येत होत्या. आणि आमची गाय निवांत कडबा खात उभी. कास भरलेली, पण डोळ्यांत काही म्हणजे काही घाई नाही. पंचांगाप्रमाणे अमावस्या संध्याकाळी दिवे लागायच्या आधीच संपत होती. मामा एकदा गाईकडे बघायचे, एकदा सूर्याकडे. आत्याबाई आखाड्याकडे पाठ करून बांधावर बसल्या होत्या.

“मला काई सांगू नका,” त्यांनी आधीच बजावलं होतं.

ऊन डोक्यावर येत होतं तेव्हा गाईनं कडबा सोडला. दोन पावलं मागं, दोन पुढं. शेपटी वर. बसली, उठली, पुन्हा बसली. मी नवऱ्याचा दंड इतका आवळला की त्यानं माझी बोटं एकेक करून सोडवली. मग पाणमोट दिसली, फुटली, आणि दोन पांढरे खूर बाहेर आले. आणि तिथंच थांबले. गाय कळ देत होती आणि खूर हलत नव्हते. मामा गुडघे विसरून खाली बसले, नवरा बसला, कळ आली की दोघं मिळून हळूच ओढायचे, कळ गेली की सोडायचे. मी गाईच्या मानेवरून हात फिरवत तिला काय वाटेल ते सांगत होते, शाळेत पोरांना सांगते तसं, थोडंच राहिलंय, हुशार आहेस. नाक दिसलं. कपाळ अडलं, सुटलं. आणि मग सगळं वासरू एकदम मामांच्या मांडीवर घसरलं.

कालवड होती. मामांनी तिच्या नाकातली घाण बोटांनी काढली, तिनं मान झटकली, शिंकली. आमच्यापैकी कोणीच ओरडलं नाही. मामा फक्त म्हणाले, “व्याली.” पण ते आत्याबाईंना ऐकू गेलं.

त्या उठल्या. वासराकडे बघितलं, गाईच्या कपाळाला हात लावला, सूर्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “उभे कामून हाव? चूल मांडा.”

पुढचे दोन-तीन तास आयुष्यात मी जेवढी पळाले असेन तेवढी पळाले. बातमी बांधांवरून गेली आणि शेजारी घमेली भरून भज्जी घेऊन आले, घ्या म्हणाले, आमची लई हाय. आत्याबाईंनी हात जोडले. “तुमची नंतर खाऊ. आधी माझी होऊ द्या.” शेजारणीकडून त्यांनी फक्त ताक, मूठभर चिंच, बेसन, ज्वारी-बाजरीचं पीठ आणि मोठं पातेलं घेतलं. बाकी सगळं आपल्या रानातलं. मी तुरीच्या हिरव्या शेंगा ओटीत ओरबाडून आणत होते, जाऊबाई हरभऱ्याचे घाटे सोलत होत्या, पोरं बांधावरच्या वेलाच्या वालाच्या शेंगा तोडत होती. नवऱ्यानं कडब्याच्या पेंढ्या टेकवून खोप केली, ती एका बाजूला झुकली, पण उभी राहिली. चुना नव्हता, तर पाच दगडांना ज्वारीच्या पिठाचं पाणी फासलं. तुराट्यांच्या जाळावर पातेलं चढलं आणि आत्याबाई ढवळायला बसल्या. ताकात पीठ कालवून आंबील झाली, आंबायला वेळच नव्हता, तिला आंबील म्हणायचं म्हणून म्हणायचं.

त्यांच्याकडे बघत मी क्षणभर शेंगा सोलायची थांबले. लग्नानंतर त्यांना मी हजारदा स्वयंपाक करताना बघितलं होतं. असं कधी बघितलं नव्हतं. त्या भराभर काही टाकत होत्या, वास घेत होत्या, आपल्याशीच मान हलवत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कमालीचा आनंद होता. मला रडू आलं आणि मी ते धुरावर ढकललं.

पूजा झाली. आता आंबील शिंपडायची. गाडगं मामांच्या हातात दिलं, ते निघाले, आणि धुऱ्याजवळ, शेताच्या कडेच्या कडुलिंबापाशी जाऊन थांबले. आम्हाला कळेना. आत्याबाईंना कळलं. मामांचे चुलते याच ठिकाणी पडले होते, आणि सहा-सात वर्षांचे मामा तेव्हा त्यांच्या मागून आरोळी ठोकत चालले होते. इतक्या वर्षांत ते हे आत्याबाईंखेरीज कोणाशी बोलले नव्हते. त्यांचा पाय पुढं उचलत नव्हता.

आत्याबाई गेल्या आणि त्यांनी गाडगं मामांच्या हातातून घेतलं. आंबील शिंपडायचं काम पुरुषांचं, बायकांनी केलेलं आमच्या शिवारात कोणी बघितलेलं नव्हतं. “तुमी माझ्या म्हागं या,” त्या म्हणाल्या. आणि लिंबाच्या बुंध्यावर पहिली आंबील शिंपडून त्यांनी आरोळी ठोकली, “ओलगे!” उदगीरकडची, लहानपणीची, इतकी खणखणीत की पलीकडच्या रानातून लगेच उत्तर आलं. मामा त्यांच्या मागून चालायला लागले. आधी नुसते चालले. हरभऱ्याच्या वावरात पोचल्यावर त्यांचाही आवाज आला. मीही मागून धावले आणि मला त्या शब्दांचा अर्थ माहीत नसताना घसा बसेपर्यंत ओरडले.

सूर्य कलला होता, पण अमावस्या अजून होती. पंगत बसली. शेजारचे आले, रस्त्यानं जाणारे एक मोटारसायकलवाले नवरा-बायको ओढून आणले. आत्याबाईंनी सगळ्यांना वाढलं. मी पहिला घास घेतला आणि थांबले. नवऱ्याकडे बघितलं, त्यानं मान न उचलता पायानं माझा पाय दाबला. शेजारी म्हणाले, लई झ्याक झालीय. मोटारसायकलवाल्या बाईनंही मान डोलावली. मामांनी दुसऱ्यांदा मागून घेतली.

शेवटी आत्याबाई स्वतःचं पान घेऊन बसल्या. इतक्या वर्षांची आपली भज्जी त्यांनी उंड्याला लावली, तोंडात घातली, आणि चावायच्या थांबल्या.

“यात मीठच न्हाई की,” त्या म्हणाल्या. त्यांनी एकेकाच्या पानाकडे बघितलं, सगळी पानं चाटूनपुसून साफ. “मघापासून खाऊन राहिलेत समदे. मीठ टाकलं न्हाई म्हणून कुणी बोललं कामून न्हाई?”

मामांनी आपलं ताट त्यांच्यापुढं सरकवलं. “फुडल्या येळवशीला टाक,” म्हणाले.

आत्याबाईंनी त्यांना तिसऱ्यांदा भज्जी वाढली.